रॉटरडॅमला गेली द्राक्षं, पैसे अडकले: दावा लावायचा कुठे?

पिंपळगावचा_पुतण्या

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, तोही रडगाण्याचा. गोड मानून घ्या.

आमची पिंपळगाव बसवंतजवळ एकत्र बाग आहे. काका बाग बघतात, निर्यातीचे कागद माझ्याकडे. गेल्या हंगामात थॉमसन द्राक्षांचे दोन कंटेनर रॉटरडॅमच्या एका व्यापाऱ्याला दिले. ओळखीचं हे तिसरं वर्ष. आधीची दोन वर्षं पैसे तारखेला आले होते, म्हणून या वेळी तीस टक्के आगाऊ आणि बाकी माल पोचल्यावर तीस दिवसांनी, असं ठरलं. माल पोचला, त्याने उचलला, विकलाही. मग एक दिवस मेल: मण्यांना तडे, देठ तपकिरी, सोबत सर्व्हेअरचा रिपोर्ट, उरलेले पैसे मिळणार नाहीत, उलट फेकलेल्या मालाचा खर्च तुम्हीच द्या. अडकलेली रक्कम ३१ हजार युरोच्या आसपास, म्हणजे तीसेक लाख.

लेखी करार असा काही नाही. भाव व्हॉट्सअ‍ॅपवर ठरला, ऑर्डर मेलवर आली, आम्ही प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवला, झालं. आता गावात तीन मतं आहेत. एक म्हणतो नाशिकला दावा ठोका. दुसरा म्हणतो लवाद नेमा. तिसरे काका. ते म्हणतात, सोडून दे, पुढच्या छाटणीचं बघ.

कुणाला अनुभव असेल तर सांगा.

तिरकस

नाशिकला दावा लावाच. निकाल लागेपर्यंत ही बाग काढून डॉगरिज खुंटावर नवी बाग भरलेली असेल. नव्या बागेचं उद्घाटन आणि हुकूमनाम्याची नक्कल एकाच दिवशी.

नाव्हाशेवा

तिरकसराव, जखमेवर मीठ चोळू नका.

@पुतण्या, मी पनवेलला कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे. चार गोष्टी सांगा. १) इनव्हॉइसवर एफओबी (भाडं-विमा खरेदीदाराचा) होतं की सीआयएफ (भाडं-विमा तुमचा), की कन्साइनमेंटवर (विकला जाईल त्या भावाने) दिला होता माल? २) ओरिजिनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल सोडवायचा जहाज कंपनीचा कागद) कुणाकडे होतं? ३) कंटेनरमध्ये डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) होता का? ४) माल कोणत्या तारखेला पोचला आणि तक्रारीचा मेल कोणत्या तारखेचा?

पिंपळगावचा_पुतण्या

१) सीआयएफ रॉटरडॅम. कन्साइनमेंट नाही, भाव पक्का होता. २) बीएल सरेंडर करून टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडायची सूचना) दिली होती. तो म्हणाला, कागद कुरिअरने यायला उशीर होतो, माल बंदरात पडून राहील. ३) होता, प्रत्येक कंटेनरमध्ये एक. रीडिंगची फाइल त्याच्याकडूनच मागच्या आठवड्यात मागवून घेतली, अजून उघडली नाही. ४) पोचला २६ मार्चला. तक्रार १९ एप्रिलला.

नाव्हाशेवा

टेलेक्स रिलीज दिलीत म्हणजे माल दिला आणि किल्लीही दिलीत. ओरिजिनल बीएल बँकेमार्फत गेलं असतं तर पैसे भरल्याशिवाय कंटेनर हलला नसता. असो, झालं ते झालं.

पण सीआयएफ ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. लोकांना वाटतं सीआयएफ रॉटरडॅम म्हणजे रॉटरडॅमपर्यंत जबाबदारी आपली. तसं नाही. भाडं आणि विमा आपला, पण जोखीम नाव्हा शेव्याला माल जहाजावर चढला की खरेदीदाराकडे जाते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. चढवताना माल चांगला होता, पॅकिंग आणि प्रीकूलिंग नीट होतं आणि देठ वाटेत सुकले, तर ते दुखणं तुमचं नाही. म्हणून तो लॉगर सोन्याचा आहे. फाइल आजच उघडा आणि तीन ठिकाणी सेव्ह करा.

दरखास्तवाला

नाशिक जिल्हा न्यायालयात पंचवीस वर्षं काढली आहेत, त्यातली बरीचशी दरखास्तींमध्ये. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हुकूमनामा मिळाल्यावर तो वसूल करायला जो अर्ज करावा लागतो ती दरखास्त. दावा जिंकणं हे लग्न, दरखास्त हा संसार.)

दावा कुठे लावता येतो आणि पैसे कुठे वसूल होतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अशिलं पहिल्यावरच अडकतात, कारण घराजवळचं कोर्ट बरं वाटतं.

नाशिकला दावा लावता येईल का? येईल. व्यवहाराचा काही भाग इथे घडला, रक्कम तीन लाखांच्या वर, आयात-निर्यातीचा वाद, म्हणजे २०१५ च्या कायद्याखालचं वाणिज्य न्यायालय. त्याआधी कलम १२-अ प्रमाणे मध्यस्थीचा अर्ज करावा लागेल. तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर ती पायरी चुकवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात ते पक्कं केलं. रॉटरडॅमचा माणूस मध्यस्थीला येणार नाही, ‘नॉन स्टार्टर’ असा शेरा मिळेल, मग दावा.

आता समन्स. बेलिफ जाऊन दाराला डकवून येईल असा हा पत्ता नाही. भारत समन्स बजावणीच्या हेग करारात आहे, २००७ पासून तो आपल्याला लागू आहे. म्हणजे समन्स विधी मंत्रालयामार्फत तिकडच्या मध्यवर्ती प्राधिकरणाकडे जाणार, गरज पडेल तसं दाव्याचं आणि प्रत्येक दस्ताचं भाषांतर जोडून. एका प्रकरणात मी ‘बजावणीचा दाखला अप्राप्त’ एवढ्या एका ओळीवर किती तारखा घेतल्या ते मोजणं सोडून दिलं होतं.

समजा बजावणी झाली, तो आला नाही, तुम्हाला एकतर्फी हुकूमनामा मिळाला. त्याची मालमत्ता नाशिकला आहे का? नाही. मग तो कागद घेऊन रॉटरडॅमला जावं लागणार, आणि तिथे तो कागद म्हणजे कागदच. भारत आणि नेदरलँड्स यांच्यात एकमेकांचे दिवाणी निकाल बजावण्याचा करार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली आपण काही देश अधिसूचित केले आहेत: इंग्लंड, सिंगापूर, हाँगकाँग, न्यूझीलंड, मलेशिया वगैरे, आणि १७ जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती. तिथल्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्तीला लागतात. यादीत नेदरलँड्स नाही, जर्मनी नाही, अमेरिकाही नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०१६ चा अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्सचा निकाल बघा, आपल्याच नाशिकचा. एक फ्रेंच कंपनी, एक इथली कंपनी, वाद इंग्लंडच्या न्यायालयात. तिथे इथल्या कंपनीवर बाराएक हजार पौंडांचा खर्च बसला. त्या खर्चाच्या आदेशाची दरखास्त नाशिक जिल्हा न्यायालयात आली, प्रकरण थेट दिल्लीपर्यंत गेलं, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणालं, होय, बजावता येतो. इंग्लंडचा कागद आमच्या कोर्टात चालतो, कारण इंग्लंड यादीत आहे. आमचा कागद रॉटरडॅमला चालत नाही.

कोडमावळा

वाचतोय. पुण्याचा आहे, सॉफ्टवेअर फ्रीलान्सर. मध्येच घुसतो, माफी. माझा एक क्लायंट अमेरिकेतला, डेलावेअरला नोंदवलेली कंपनी, दोन बिलं थकवली आहेत. अमेरिका यादीत नाही, म्हणजे मीही गेलो का?

आणि त्यांनी तिकडे माझ्यावर दावा लावला तर?

दरखास्तवाला

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी. अमेरिकेचा निकाल इथे थेट दरखास्तीला लागत नाही. त्यांना त्या निकालाच्या आधारावर इथे तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागेल, आणि तुम्हाला त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ चे सहा बचाव असतील. त्यातला सगळ्यात कामाचा: निकाल गुणदोषांवर दिलेला नाही. लुधियानाच्या एका लोकर गिरणीवर इंग्लंडमध्ये एकतर्फी निकाल झाला होता, पुरावा न तपासता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो इथे बजावू दिला नाही, इंग्लंड यादीत असूनही. पण म्हणून परदेशातून आलेलं समन्स रद्दीत टाकू नका. तिथल्या न्यायाधीशाने साक्षीपुरावा घेऊन एकतर्फी निकाल दिला तर हा बचाव गेला.

पहिल्या प्रश्नाचं: तिकडे प्रत्येक राज्याचा आपापला कायदा असतो, आणि पैशांचे परकी निकाल मानण्याबाबत बरीच राज्यं आपल्यापेक्षा सैल आहेत. बिलं किती रकमेची आहेत त्यावर ठरवा. आणि नवा धागा काढा, हा द्राक्षांचा आहे.

म्हापशेकार

वकीलसाहेब, तुम्ही देशांचं बोलताय. आमच्या गोव्यात एका देशातच दोन कायदे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोंयकाराची मालमत्ता मुंबईत असली तरी तिच्या वारसाहक्काला पोर्तुगीज नागरी संहिताच लागू. लिस्बनने १८६७ मध्ये केलेला कायदा आज मुंबईतल्या फ्लॅटचे वाटे करतो. विषयांतर झालं, पण ‘कुठला कायदा’ हा प्रश्न आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर असतो. चालू द्या.

तिरकस

आणि त्या टेबलाचे वाटे कुठल्या कायद्याने?

कालवाकाठी

डेल्फ्टला राहते, चौदा वर्षं झाली. विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात काम करते. वकील नाही, पण तुमच्या खरेदीदारासारखी माणसं रोज फोनवर असतात.

वकीलसाहेबांचं बरोबर आहे. इथल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४३१ सांगतं की करार नसेल तर परकी निकाल थेट बजावला जात नाही, वाद नव्याने मांडायचा. न्यायाधीश तुमच्या नाशिकच्या निकालाला वजन देऊ शकतो, २०१४ च्या एका निकालाने त्याच्या अटी घालून दिल्या आहेत. पण एकतर्फी निकाल घेऊन त्या वाटेने जाण्यापेक्षा सरळ इथेच दावा का लावत नाही? खरेदीदार इथे राहतो, एवढ्या एका कारणावरच इथल्या न्यायालयाला अधिकार आहे, करारात काही लिहिलेलं नसलं तरी.

इथे दावा लावण्याआधी एक हत्यार आहे. जप्ती. तुमचा वकील न्यायाधीशाकडे अर्ज करतो, समोरच्याला न कळवता, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत परवानगी मिळते, आणि खरेदीदाराचं बँक खातं किंवा त्याच्या गिऱ्हाइकाकडून त्याला येणारे पैसे गोठतात. फळांचा व्यापारी म्हणजे रोजची उलाढाल. खातं दोन दिवस बंद राहिलं तर तो स्वतः फोन करतो. अर्थात दावा हरलात तर जप्तीमुळे झालेलं नुकसान तुमच्या डोक्यावर, तेव्हा लॉगरची फाइल आधी नीट वाचा.

वाईट बातमी: २५ हजार युरोपर्यंतचा दावा वकिलाशिवाय चालवता येतो. तुमचे ३१. आणि जिंकलात तरी वकिलाचा पूर्ण खर्च परत मिळत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे थोडाच मिळतो.

पिंपळगावचा_पुतण्या

ताई, आभार. दोन इनव्हॉइस आहेत, प्रत्येकी साडेपंधरा हजारांची बाकी. दोन वेगळे दावे लावले तर?

कालवाकाठी

हा प्रश्न तिथल्या वकिलाला पहिल्याच फोनवर विचारा. एकाच ऑर्डरचे दोन कंटेनर असतील तर न्यायाधीश भुवया उंचावेल.

निवृत्त_बँकर

उशिरा आलो. निर्यात पतपुरवठ्यात नोकरी गेली, म्हणून दोन गोष्टी.

एक, ईसीजीसीची (निर्यातीच्या पैशांचा विमा देणारी सरकारी कंपनी) पॉलिसी होती का? असली तरी त्यातली एक अट बहुतेक निर्यातदार वाचत नाहीत. खरेदीदार दिवाळखोर झाला, पैसे द्यायला चुकला, तर भरपाई मिळते. पण त्याने मालाच्या दर्जाचा वाद काढला, तर भरपाई नाही, जोवर तुम्ही *खरेदीदाराच्या देशातल्या* न्यायालयातून आपल्या बाजूने हुकूमनामा आणत नाही. नाशिकचा हुकूमनामा इथेही कामाचा नाही. हे व्यापाऱ्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून तर पैसे द्यायचे नसले की पहिली तक्रार दर्जाची.

दोन, पैसे देशात आणायची मुदत. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नऊ महिन्यांवरून पंधरा महिने केली आहे. तरी बँकेच्या पोर्टलवर तुमचं शिपिंग बिल उघडं दिसत राहतं. वाद चालू असल्याचं बँकेला आजच लेखी कळवा, नाहीतर पुढच्या हंगामात पॅकिंग क्रेडिट (निर्यातीआधीचं कर्ज) मागायला जाल तेव्हा साहेब चष्मा काढून ठेवतील.

सह्याद्रीवारा

एक शंका. इंग्लंड आपल्या यादीत आहे. आणि इंग्लंड आता हेगच्या निकालविषयक करारात गेलंय असं वाचलं. मग नाशिकचा निकाल आधी लंडनला नोंदवायचा आणि तिथून रॉटरडॅमला न्यायचा, असा मागच्या दाराने प्रवेश जमणार नाही का?

दरखास्तवाला

प्रश्न आवडला. अशील असता तर फी माफ केली असती.

करार २०१९ चा. १ सप्टेंबर २०२३ ला युरोपीय संघ (डेन्मार्क वगळून) आणि युक्रेन यांच्यात लागू झाला, १ जुलै २०२५ पासून इंग्लंडसाठीही. त्या तारखेनंतर सुरू झालेल्या खटल्यांतले लंडनचे निकाल आता रॉटरडॅमला या कराराखाली चालतात. ब्रेक्झिटने तुटलेली ही वाट थोडी सांधली गेली. भारताने त्यावर सहीच केलेली नाही.

तुमचं मागचं दार मात्र बंद आहे. करारात ‘निकाल’ म्हणजे वादाच्या गुणदोषांवर न्यायालयाने दिलेला निर्णय. लंडनने नाशिकचा निकाल नोंदवून घेणं हा गुणदोषांवरचा निर्णय नाही, नुसती नोंद आहे. उसनी घेतलेली वाटी शेजाऱ्याला पुन्हा उसनी देता येत नाही. शिवाय हा जुगाड करायला तुमच्या खरेदीदाराचं लंडनला काही घबाड असायला हवं. असलं तर मग रॉटरडॅम हवंच कशाला?

सह्याद्रीवारा

😄 वाटी कळली.

पिंपळगावचा_पुतण्या

मंडळी, एक सापडलं. काल रात्री सगळे मेल परत चाळले. ऑर्डरच्या पीडीएफच्या तळाशी, पत्त्याच्या खाली, फिकट निळ्या बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत. मोबाइलवर दिसतच नाहीत, लॅपटॉपवर दोनशे टक्के मोठं केल्यावर दिसल्या. ‘या व्यवहाराला नेदरलँड्सचा कायदा लागू. वाद रॉटरडॅमच्या जिल्हा न्यायालयात.’ तिन्ही वर्षांच्या ऑर्डरवर आहेत. मी कधी वाचल्याच नाहीत.

म्हणजे आता नाशिकचा विषयच संपला ना? आणि कायदाही त्याचाच. काका म्हणाले, बघ, आधीच सांगितलं होतं.

दरखास्तवाला

थांबा. काकांना चहा द्या आणि हे वाचून दाखवा.

या दोन ओळी नसत्या तर तिथल्या न्यायाधीशाने युरोपच्या रोम नियमावलीप्रमाणे विक्रेत्याच्या देशाचा कायदा लावला असता, म्हणजे आपला १९३० चा मालविक्री कायदा. खरेदीदाराने स्वतःच्या सोयीसाठी आपल्या देशाचा कायदा लिहिला. पण नेदरलँड्सच्या कायद्यात संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा आंतरराष्ट्रीय मालविक्री करारही येतो. नव्वदहून अधिक देश त्यात आहेत. भारत नाही, इंग्लंड नाही, पण नेदरलँड्स आहे. आणि ‘नेदरलँड्सचा कायदा’ एवढंच लिहिलं, हा करार वगळल्याचं लिहिलं नाही, तर तो करारच लागू होतो. शहाणे खरेदीदार पुढे ‘१९८० चा करार वगळून’ असं लिहितात. पीडीएफ परत बघा, तसं आहे का?

पिंपळगावचा_पुतण्या

नाही. फक्त दोन ओळी. मी अक्षर न् अक्षर टाईप केलंय.

दरखास्तवाला

मग ऐका. त्या कराराचं कलम ३८: खरेदीदाराने माल परिस्थितीनुसार शक्य तितक्या लवकर तपासायचा. कलम ३९: दोष लक्षात आल्यापासून, किंवा यायला हवा होता तेव्हापासून, वाजवी वेळेत नेमका दोष सांगून कळवायचं. नाही कळवलं तर दर्जाची तक्रार करायचा हक्क गेला. काही झालं तरी दोन वर्षांची कमाल मर्यादा आहे, पण ती यंत्रसामग्रीसारख्या गोष्टींसाठी समजा. नाशवंत मालात न्यायालयं दिवस मोजतात.

तुमचा माल पोचला २६ मार्चला. तक्रार १९ एप्रिलला. चोवीस दिवस. द्राक्षांचे देठ तपकिरी झाले हे दार उघडल्यावर दिसतं, त्याला चोवीस दिवस लागत नाहीत.

याला तोड आहे का? आहे. तुम्हाला दोष आधीच माहीत होता आणि तुम्ही लपवलात असं तो म्हणेल (कलम ४०), किंवा उशिराला सबळ कारण होतं म्हणेल (कलम ४४). म्हणून दोन प्रश्न. सर्व्हेअरच्या रिपोर्टवर तपासणीची तारीख काय? आणि लॉगर काय सांगतो?

नाव्हाशेवा

रिपोर्टवर कंटेनर नंबर आणि सील नंबर आहे का तेही बघा. नंबर नसेल तर ती कुणाचीही द्राक्षं असू शकतात.

पिंपळगावचा_पुतण्या

रिपोर्टवर तपासणीची तारीख १७ एप्रिल, जागा त्याचं शीतगृह. एकाच कंटेनरचा नंबर आहे, दुसऱ्याचा नाही. फोटो पेट्यांचे आहेत, पण त्यातल्या तीन पेट्यांवरची लेबलं आमची नाहीत! आमच्या पेटीवर पॅकहाउसचा कोड कोपऱ्यात छापलेला असतो, या पेट्यांवर तो कोपरा कोरा आहे.

लॉगर: एक कंटेनर पूर्ण प्रवासात शून्याच्या आसपास. दुसऱ्यात एकतिसाव्या दिवशी जवळजवळ नऊ तास तापमान सहा अंशांपर्यंत गेलंय. तेव्हा तो जहाजावर होता.

नाव्हाशेवा

नऊ तास जहाजावर म्हणजे जोखीम खरेदीदाराची, आणि त्याचं भांडण जहाज कंपनीशी किंवा विम्याशी. जहाज कंपनीवर दाव्याची मुदत एक वर्ष, ती आपला १९२५ चा समुद्री मालवाहतूक कायदा जाऊन २०२५ चा आला तरी बदललेली नाही. पण तो जहाज कंपनीच्या मागे लागणार नाही. तुमच्या मागे लागणं स्वस्त.

कालवाकाठी

हे सगळं एका पानावर, तारखांच्या क्रमाने, इंग्रजीत लिहा. भावना नको. ‘विश्वासघात’ वगैरे शब्द नको, इथे लोक ते वाचून हसतात. तारीख, कागद, तारीख, कागद. ते पान तिथल्या वकिलाला पाठवा आणि आधी फक्त एक पत्र द्यायला सांगा, जप्तीचा उल्लेख असलेलं. पत्राचा खर्च परवडेल असा असतो.

लवादप्रेमी

इतका खटाटोप. लवादाचं कलम टाकलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात १७० हून अधिक देश आहेत, भारत १९६० पासून आणि नेदरलँड्सही. मुंबईत दिलेला निवाडा रॉटरडॅमला बजावता येतो. न्यायालयाच्या निकालाला जे दार बंद, ते लवादाच्या निवाड्याला उघडं.

दरखास्तवाला

तत्त्वतः शंभर टक्के. पण ३१ हजार युरोंसाठी लवादाची फी भरायची म्हणजे घड विकायला घड विकायचे. सिंगापूरच्या केंद्राने १ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमांत दहा लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या वादांसाठी तीन महिन्यांत निवाडा देणारी झटपट पद्धत आणली आहे, फीही निम्म्यावर आणली आहे. तरी दोन कंटेनरवाल्याला ते जड जातं.

आणि कलम टाकायचंच तर अर्धवट टाकू नका. माझ्याकडे आलेल्या एका करारात लिहिलं होतं: ‘वाद झाल्यास लवाद, कायदा भारताचा, ठिकाण परस्परसंमतीने’. परस्परसंमती असती तर वाद कशाला झाला असता? लवादाच्या कलमाला कोणता कायदा लागू यावरच लंडनला वर्षानुवर्षं भांडणं चालली होती. शेवटी त्यांनी १ ऑगस्ट २०२५ पासून कायद्यातच लिहून टाकलं: वेगळं स्पष्ट ठरलं नसेल, तर लवादाचं ठिकाण ज्या देशात, तिथला कायदा. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये कोलंबियाच्या एका वितरकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला हाच गुंता सोडवावा लागला. एका कलमात भारताचा कायदा आणि गुजरातची न्यायालयं, दुसऱ्या कलमात लवाद बोगोटाला. ठिकाण, कायदा, भाषा, लवादांची संख्या, चारही लिहा. चार ओळींचं काम आहे.

पिंपळगावचा_पुतण्या *(सात आठवड्यांनंतर)*

धागा वर आणतोय, कारण काहीजण व्यनि (खासगी निरोप) करून विचारत होते.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे एक पान केलं. पहिल्यांदा तीन पानं झाली होती, दोन कापली. तिथल्या वकीलबाईंनी पत्र दिलं: चोवीस दिवस, कलम ३९, सीआयएफची जोखीम, परक्या लेबलांच्या पेट्या, आणि शेवटी दहा दिवसांत पैसे न आल्यास जप्तीचा अर्ज.

आठव्या दिवशी त्याचा फोन. तीन वर्षांत पहिल्यांदा काकांना नावाने हाक मारून बोलला. आधी निम्मे देतो म्हणाला. आम्ही नाही म्हणालो. मग ज्या कंटेनरचं तापमान नीट होतं त्याची पूर्ण बाकी आणि दुसऱ्याच्या बाकीतले साठ टक्के, दोन हप्त्यांत. वकीलबाई म्हणाल्या, भांडलात तर जास्त मिळेल, पण वर्ष जाईल. घेतलं. पहिला हप्ता परवा बँकेत आला, चार्जेस कापून.

बँकेला तडजोडीचं पत्र दिलंय, कमी आलेल्या रकमेची मंजुरी ते बघताहेत.

आणि आज सकाळी त्याचाच मेल आला. नव्या हंगामाची चौकशी, चार कंटेनर. ऑर्डरच्या तळाशी आता तीन ओळी आहेत. तिसरी: १९८० चा करार वगळून.

तिरकस

शिकला बघा. गुरुदक्षिणा मागा.

दरखास्तवाला

तिसरी ओळ खोडून परत पाठवा. आणि मान्य आहे असं लेखी येईपर्यंत प्रोफॉर्मा पाठवू नका.

नाव्हाशेवा

आणि टेलेक्स रिलीज?

पिंपळगावचा_पुतण्या

टेलेक्स रिलीजचा जुना नमुना माझ्या मेलमध्ये ड्राफ्टला पडून होता. काकांनी शेजारी खुर्ची ओढली, तो डिलीट करायला लावला, आणि ट्रॅशमधूनही गेला का ते विचारलं.